झोपलेल्या जोसेफखालच्या चिठ्ठ्या

४ मार्च, मंगळवार. दुपारी ३.

उद्या राखेचा बुधवार. उद्यापासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. प्रत्येकीने काहीतरी सोडायचं. सिस्टर नम्रताने चॉकलेट सोडलं. तिला चॉकलेट आणून देतं कोण, हा वेगळा प्रश्न. कॉन्व्हेंटने मिळून मासे सोडले. मी राग सोडला.

मला तसा राग येत नाही. नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या शिक्षणात, माझ्या रिपोर्टवर 'शांत स्वभाव' असं लिहिलं होतं. म्हणजे जमेल.

पद्धत ठरवली आहे. रोज एक चिठ्ठी. 'आज राग आला नाही' असं लिहून कॉरिडॉरमधल्या झोपलेल्या संत जोसेफच्या पुतळ्याखाली सरकवायची. पुतळा प्लॅस्टरचा, हातभर लांब, कुशीवर झोपलेला. लोक आपली काळजी लिहून त्याच्याखाली ठेवतात आणि तो झोपेत तिची व्यवस्था लावतो. चिठ्ठ्या कोणी वाचायच्या नाहीत. पवित्र शनिवारी गोळा करून त्या रात्री चर्चबाहेर पेटवतात त्या नव्या अग्नीत टाकायच्या. यंदा ते काम माझ्याकडे.

मे महिन्यात व्रतं पुन्हा एका वर्षासाठी घ्यायची. त्याचा अर्ज दरवर्षी स्वतःच्या हाताने लिहून कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरकडे, म्हणजे सुपीरिअरकडे, द्यावा लागतो. मुदत पवित्र शनिवार, १९ एप्रिल. मागच्या वर्षी मी पहिल्याच दिवशी दिला होता. यंदा घाई नाही.

५ मार्च, बुधवार.

फादरांनी कपाळावर राख लावली आणि आपण माती आहोत याची आठवण करून दिली. मला आठवण नको होती. १९ जानेवारीला पपा गेले. देवबागला, आमच्या दारात, सकाळी जाळं विणता विणता. एकसष्ट वय.

मी तेव्हा इथेच आठ दिवसांच्या मौन रिट्रीटमध्ये होते. मोबाइल बंद करून सुपीरिअरकडे जमा. रविवारी सुपीरिअर सिस्टर बेनेडिक्टा स्वतः चॅपलमध्ये आल्या, मला हाताला धरून बाहेर नेलं आणि सांगितलं. गाडी करून देवबागला घेऊन गेल्या. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

पण घरी मांय म्हणाली की पपांनी शुक्रवारी कॉन्व्हेंटच्या फोनवर फोन केला होता. सिस्टरांनीच उचलला. निरोप देते म्हणाल्या. पपा त्या संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत मोबाइल हातात घेऊन ओट्यावर बसले होते. मला कोणी काही सांगितलं नाही.

मी सिस्टर बेनेडिक्टांना माफ केलं आहे. त्यांना विचारणारही नाही. विचारलं तर त्यांना वाटेल मला राग आला आहे.

आज राग आला नाही.

७ मार्च, शुक्रवार.

क्रूसाच्या वाटेची प्रार्थना. दहाव्या स्थानी गुडघे टेकलेले असताना नम्रताने कानाशी येऊन विचारलं की संध्याकाळी पेज आहे की भात. ती चोवीस वर्षांची आहे. मी सत्तावीस. इतका फरक पडतो?

मौन म्हणजे काय ते या घरात कोणाला कळत नाही. जानेवारीच्या रिट्रीटमध्ये सगळ्या जणी एकमेकींना चिठ्ठ्या लिहीत होत्या. बोलायचं नाही म्हणून लिहायचं, हे कसलं मौन? माझ्या ताटाखालीसुद्धा तीन आल्या. मी एकही उघडली नाही. देवाला अर्पण म्हणून तशाच घडी केलेल्या जोसेफखाली सरकवल्या. रिट्रीटच्या फादरांनी मला काही म्हटलं नाही, पण त्यांनी पाहिलं असावं.

राग नाही.

९ मार्च, रविवार.

नाश्त्याला सिस्टर बेनेडिक्टांनी विचारलं, मांयक फोन केलंस? दर रविवारी विचारतात. सगळ्यांसमोर. फोनची एवढी काळजी. आता.

मी हो म्हटलं आणि ताट उचललं. ताट बेसिनमध्ये ठेवताना फुटलं. काचेचं होतं, जुनं होतं, फुटणारच होतं.

१० मार्च, सोमवार.

या आठवड्यात चहा माझ्याकडे. सिस्टर बेनेडिक्टांना मागे एकदा डॉक्टरांनी साखर सांभाळा म्हणून सांगितलं होतं. कोणाच्या लक्षात नाही. मी लक्षात ठेवलं. आजपासून त्यांच्या कपात साखर नाही. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळा प्यायल्या. आरोग्य महत्त्वाचं.

नम्रताचा आठवडा आला तरी त्यांचा कप मीच करणार आहे. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, किती प्रेम गं तुझं.

१२ मार्च, बुधवार.

किचनमध्ये शेवंती मदतीला येते. गावातलीच आहे, तोंडाने फटकळ. मी खोबऱ्याचं वाटप काढत होते तर म्हणते कशी, सिस्टर, मसालो वाटतास काय कोणाक वाटतास? मिक्सराचो आवाज पार रस्त्यार येता. मी तिला शांतपणे सांगितलं की मिक्सर जुना आहे. नंतर ती माशांवरून सुरू झाली. आमचो श्रावण बरो, म्हणाली. तुमी दर्यार ऱ्हवान चाळीस दिवस मासे सोडतास, देवाक तरी पटता काय? यावर नम्रता इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुपारी टेबलावर चिठ्ठी. 'हार्मोनियम जरा सावकाश. लोकांना गाताना दम लागतो. — सि. बे.' सिस्टर बेनेडिक्टा कागद विकत आणत नाहीत. रोजच्या तारखेचं पान फाडायचं ते भिंतीवरचं कॅलेंडर, त्याची फाडलेली पानं ड्रॉवरमध्ये जमवतात आणि पाठीमागे लिहितात. एका बाजूला ११ मंगळवार, दुसऱ्या बाजूला माझी चूक. काटकसरीलाही काही मर्यादा असावी.

हार्मोनियम मी योग्य वेगात वाजवते.

१६ मार्च, रविवार.

भाऊ आला होता, आग्नेल. मांयने सुक्या कोळंबीचे सोडे दिले होते. उपवासकाळ आहे हे तिला माहीत आहे, तरी दिले. ठेवून खा म्हणाली म्हणे.

सोडे घेऊन पूर्वी पपा यायचे. आत पाहुण्यांच्या पार्लरमध्ये कधी बसले नाहीत. गेटच्या बाहेर चपला काढून उभे. मी सिस्टर झाल्यापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. सिस्टर, बरी आसस? एवढंच. मी बरी आहे म्हणायचे. मग आम्ही दोघं थोडा वेळ उभे राहायचो आणि ते परत बस पकडायला जायचे. आमच्या घरात बोलणं कमीच.

आग्नेल पपांची बोट रंगवून घेतोय. मे महिन्यात टुरिस्टना डॉल्फिन दाखवणार. नाव बदलून 'डॉल्फिन किंग' ठेवणार आहे. मी म्हटलं, छान. त्याने विचारलं, रागावलंस? मी नाही म्हटलं.

जाताना गेटपाशी म्हणाला, पपांका तुका कायतरी सांगूचा होता. आमका सांगूक नाय. मांय अजून विचारता माका, आमच्या सिस्टरान फोन कित्याक करूक नाय म्हणान.

मी काय उत्तर देणार? माझ्या सुपीरिअरने निरोप गिळला असं मी भावाला सांगू शकत नाही. मी कोणाबद्दल वाईट बोलत नाही.

सोडे शेवंतीला देऊन टाकले.

राग नाही. आज दोन चिठ्ठ्या टाकल्या.

१९ मार्च, बुधवार.

संत जोसेफचा सण. पपांना दोन महिने. सणामुळे आज मासे चालतात. सुरमई. सिस्टर बेनेडिक्टांनी पहिला, सर्वांत मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. मी तो नम्रताच्या ताटात ठेवला. तिने लगेच खाल्ला. सिस्टर पाहत राहिल्या. सुरमईच्या तुकड्याने काही भरून निघत नाही, पण हे मी मनातसुद्धा म्हटलं नाही.

दुपारी सिस्टर म्हणाल्या, रविवारी देवबागला जाऊन ये, मांयला बरं वाटेल, मी परवानगी देते. मी म्हटलं उपवासकाळात घरी जाणं मी त्यागलं आहे. हे मी त्या क्षणी त्यागलं. मांय वाट बघत असेल. पण त्याग हा त्याग.

नम्रता पुतळ्याला हार घालताना ओरडली की जोसेफ एका बाजूला कलंडलाय, अशाच चिठ्ठ्या येत राहिल्या तर उठून बसेल बिचारा. कोण एवढं लिहितंय, विचारत होती. मी म्हटलं शाळेतल्या मुली असतील.

२८ मार्च, शुक्रवार.

कॅलेंडरचं पान आलं. २७ गुरुवार. पाठीमागे, 'तू तपासलेल्या पाचवीच्या गणिताच्या पेपराबद्दल बोलू. ये.'

गेले. म्हणाल्या, आख्खो वर्ग कसो नापास जाता गो? मी सांगितलं की उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर उत्तर चूक. पाच काय? मीटर की लिटर? त्या म्हणाल्या गौरजाच्या पेपरात लाल शाईने कागद फाटला आहे. कागद पातळ होता. मग चष्मा काढून, अगदी हळू आवाजात विचारलं, तुका काय झाला? सांग तरी. माझ्यार रागावलंस?

मी म्हटलं, नाही सिस्टर, मी कशाला रागावू?

त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. मी खुर्चीत पाच मिनिटं बसून वाट पाहिली. त्यांनीही पाहिली. मग घंटा झाली.

एवढी संधी देऊनही कबुली नाही. निर्णय घेतला. सुपीरिअरच्याही वरच्या प्रोव्हिन्शियलना पत्र लिहिणार. रागाने नाही, सत्यासाठी.

१ एप्रिल, मंगळवार.

पत्र सुरू. पहिला मसुदा अकरा पानं. त्यात हार्मोनियम, कॅलेंडरची पानं आणि सुरमईसुद्धा आली होती. काढून टाकली. मुद्द्याचंच ठेवायचं. मरणाच्या दारातल्या बापाचा निरोप सुपीरिअरने मुलीपर्यंत पोहोचू दिला नाही. अशा घरात मी व्रतं पुन्हा घेऊ शकत नाही. मे महिन्यात मी बाहेर पडते. याला जबाबदार कोण ते लिहिलेलं आहे.

मरणाच्या दारातले हे खोडलं. पपा शुक्रवारी ठीक होते. मग पुन्हा लिहिलं.

बाहेर पडून काय करायचं ते ठरलेलं आहे. बी.एस्सी. आहे, बी.एड. आहे. जामसंड्याला एखाद्या शाळेत नोकरी मिळेल. मांयला घेऊन राहीन. मांय देवबाग सोडणार नाही हे नंतर बघू.

११ एप्रिल, शुक्रवार.

पत्र चार पानांचं झालं. अतिशय सौम्य आहे. 'क्रूर' हा शब्द दोनदाच.

प्रोव्हिन्शियलना लिहिलेलं बंद पाकीट सुपीरिअर उघडू शकत नाही, असा नियम आहे. पण ते त्यांच्याच हातात द्यावं लागतं, असाही नियम आहे. ईस्टरनंतरच्या गुरुवारी त्या मीटिंगला तिकडेच चालल्या आहेत. मी पाकीट दिलं. त्यांनी तळहातावर तोलून पाहिलं. जड आसा गो, म्हणाल्या. काय बायबल लिवलंस? आणि हसत आपल्या काळ्या बॅगेत ठेवलं.

त्या हसल्या, आणि रात्री मी ताट अर्धं टाकलं. जेवणात शेंगदाणे जास्त होते.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार.

मिरवणुकीत हातात माडाची झावळी. पपा हिच्या पात्यांचे क्रूस वळायचे, आमच्या वाडीतल्या सगळ्या पोरांसाठी. माझा नेहमी मोठा. यंदा मी वळायला घेतला, सुटला.

मांयक फोन केलंस? हो, केला. मांय रडली, मी नाही.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार.

कॉन्व्हेंटची पद्धत. चर्चला जाण्याआधी सुपीरिअर घरातल्या सिस्टर्सचे पाय धुते. सिस्टर बेनेडिक्टांचे गुडघे दुखतात. आधी नम्रता, मग मी. नम्रताला गुदगुल्या होतात, ती खिदळली. माझे पाय धुताना त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या, पुसलेही दोनदा. उठता येईना, तेव्हा माझ्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

पाणी गार होतं. कोमट करता आलं असतं.

अर्ज दिला नाहीस, असं त्या उठता उठता म्हणाल्या. शनिवारपर्यंत मुदत आहे, असं मी म्हटलं. पाकिटात काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. मला थोडं वाईट वाटलं. सत्य बोलणाऱ्याला वाटतंच.

१८ एप्रिल, पवित्र शुक्रवार.

दिवसभर मौन. मौन मला जमतं. नम्रताने पाठवलेली चिठ्ठी न उघडता जोसेफखाली.

उद्या पपांना तीन महिने. पवित्र शनिवारी दिवसा कुठेच मिस्सा-प्रार्थना नसते, मृतांसाठी तर नाहीच. तीनशे पासष्ट दिवसांतला नेमका तोच. असो.

आज राग आला नाही. शेवटची चिठ्ठी. चाळीस दिवस पार पाडले. या घरात असं कोणाला जमलं नसतं.

१९ एप्रिल, पवित्र शनिवार. दुपारी १२.

चिठ्ठ्या गोळा करायला परडी घेऊन बसले. पुतळा उचलला. वरच्या माझ्या. त्यांच्याखाली इतरांच्या, थोड्या. अगदी तळाला त्या तीन, रिट्रीटच्या.

दोन वहीच्या कागदाच्या. तिसरी कॅलेंडरचं पान. घडी घातलेली, तारीख बाहेरच्या बाजूला.

१७ जानेवारी, शुक्रवार.

१९ एप्रिल. दुपारी ३.

उतरवून ठेवते.

'सि. जासिंता, तुझ्या वडिलांचा फोन आला होता. तू मौनात आहेस असं मी सांगितलं. ते म्हणाले, जासिंतान बोलूक नको, आयकल्यान तरी पुरे. तुला परवानगी आहे. रात्रीच्या जेवणाआधी माझ्या खोलीत ये, मी फोन लावून देते. नाही आलीस तर तुझी इच्छा समजेन. सक्ती नाही. — सि. बे.'

जासिंता म्हणाले.

२० एप्रिल, ईस्टर. संध्याकाळी ५.

काल विधीच्या वेळी चर्चबाहेर नव्या अग्नीत परडी रिकामी केली. माझ्या चिठ्ठ्या पंचेचाळीसवर होत्या. चांगल्या जळल्या. कॅलेंडरचं ते एक पान ठेवून घेतलं.

आज दुपारच्या जेवणानंतर सिस्टर बेनेडिक्टांच्या खोलीत गेले आणि ते पान त्यांच्या टेबलावर ठेवलं. कुठे होतं ते सांगितलं. जोसेफखाली, न उघडता, अर्पण म्हणून. मोठ्याने बोलल्यावर ते कसं ऐकू येतं ते मला आधी माहीत नव्हतं.

त्यांनी पान उलटसुलट पाहिलं. घाईत त्याच दिवसाचं पान फाडलं होतं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, माका वाटला तूच येवक नाय. तुका दुखात म्हणान मी परत विषय काडूक नाय. त्या संध्याकाळी त्या साडेसातपर्यंत फोनजवळ बसल्या होत्या. पपा तिकडे बसले होते. मी चॅपलमध्ये होते, पाठ ताठ ठेवून.

मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही निरोप दिलाच नाही.

त्यांनी डोळे पुसले. मग एकदम थांबल्या. त्यांचा चेहरा बदलला. म्हणजे गो, दीड महिनो माझ्या चायत साखर नाय ती ह्याच्यासाठी?

मी हो म्हटलं.

मिया समाजलंय तू माझी काळजी घेतंस, म्हणाल्या. देवाचे आभार मानी होतंय रोज सकाळी. आणि त्या रागावल्या. खरंच रागावल्या, मोठ्या आवाजात, ईस्टरच्या दिवशी. तोंड कित्याक दिलेला आसा देवान? विचारूक काय झाला होता? मी विचारलंय तेव्हा सांगूक काय झाला होता? बाहेर नम्रताचं भांडी पुसणं थांबलं होतं.

मी पाकीट परत मागितलं. त्यांनी काळी बॅग उघडली, पाकीट काढलं, पुन्हा तोललं आणि दिलं. शेवंतीने अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवला होता, त्यात घातलं. शेवंती म्हणाली, चांगला कागद होतो. मी म्हटलं, लिहिलेला होता.

अर्जाची मुदत काल संपली हेही सिस्टरांना सांगितलं. यंदा मी विसरले नव्हते, मला द्यायचाच नव्हता, हेही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं आजचं पान फाडलं, दिवस संपायच्या आधीच, आणि माझ्यापुढे सरकवलं. लिवचा आसात तर लिव, म्हणाल्या. नाय तर तुझी इच्छा. आणि मग माझ्याकडे रोखून पाहत, ह्या येळेक सांगान जा.

त्यांच्या टेबलावरच लिहिलं. पान लहान आहे. कारणं लिहायला जागा नव्हती. 'आणखी एक वर्ष मागते' एवढं मावलं, आणि सही.

मग मांयला फोन केला आणि तिला सांगितलं की निरोप आला होता, मी उघडला नव्हता. ती बराच वेळ बोलली नाही. मी ऐकत राहिले. शेवटी म्हणाली, पुढच्या रविवारी ये. मी येते म्हटलं.

चार वाजता चहा केला. सिस्टर बेनेडिक्टांच्या कपात दोन चमचे साखर घालून, नीट ढवळून, स्वतः नेऊन दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. खूप गोड केलंस गो, म्हणाल्या. आता माका सवय नाय.

राग आला.